खिडकीतला मामा

त्या घरात सगळ्यात जास्त मान मेट्रोनोमला होता. वीतभर उंचीचा, लाकडी, वर निमुळता होत गेलेला. चावी दिली की त्याचा काटा डावी-उजवीकडे झुलायचा आणि टिक-टॉक करत ताल धरून ठेवायचा. आई लग्न होऊन आली तेव्हा तिने माहेराहून आणलेली ही एकच हलती-बोलती वस्तू, म्हणून मुली त्याला मामा म्हणायच्या. खरा मामा त्यांना नव्हता. असता तरी तो इतका नेमाने बोलला नसता.

मामाची जागा ठरलेली होती. पियानोला लागून असलेल्या खिडकीचा दगडी कट्टा. पियानोवर ठेवला की पियानोच्या पोटात काहीतरी झिणझिणायचं, म्हणून ताई तीन वर्षांची असताना आईने त्याला कट्ट्यावर नेऊन बसवलं आणि तो तिथेच राहिला. त्याच्यासमोर ताईने व्हायोलिनवर पहिला गज ओढला. त्याच्यासमोर धाकटी चिमटी पियानोच्या स्टुलावर उशा रचून बसायला लागली. चिमटी हे तिचं खरं नाव नव्हतं, सवय होती.

मुली शाळेत जात नव्हत्या. आईच शिकवायची, आणि तेही प्राचीन पद्धतीने. पूर्वीच्या काळी मुलं सात विद्या शिकायची, असं तिच्या वाचनात आलं होतं. व्याकरण, तर्क, वक्तृत्व, अंकगणित, भूमिती, खगोल आणि संगीत. एवढ्यावर माणसं थोर झाली, असं तिचं म्हणणं. "आणि एवढं शिकूनही जी थोर झाली नाहीत ती?" असं बाबांनी एकदा विचारलं होतं. त्या दिवशी त्यांना चहा उशिरा मिळाला.

सकाळी स्वरपट्ट्या, मग तर्क, मग पुन्हा स्वरपट्ट्या. गाणी लावून ऐकायला बंदी होती, कारण आयतं ऐकून कान आळशी होतात. त्यामुळे मुलींनी जगाचं संगीत ऐकलं ते फक्त येता-जाता. दुकानांतून, लग्नाच्या मांडवांतून, खालून जाणाऱ्या गाड्यांतून. ते सगळं त्यांना किंचित बेताल वाटायचं. चिमटी तर खिडकीतून खाली बघून उसासा सोडायची. "बिचारे," म्हणायची, "यांना कुणी शिकवलंच नाही."

असं सगळं सुरळीत चाललेलं असताना शिक्षण कचेरीने नियम काढला. घरी शिकणाऱ्या मुलांनी आपल्या मुख्य विषयाची परीक्षा बाहेर जाऊन द्यायची. पास झाल्यास आणखी एक वर्ष घरी. नापास झाल्यास पुढच्या महिन्यापासून शाळा. आणि घरातलं एक मूल नापास झालं तर सगळ्याच मुलांना शाळा, कारण शिकवणारं माणूस एकच. आईने मुख्य विषय संगीत सांगितला. चिमटी वयात बसत नव्हती. म्हणजे चौदा वर्षांच्या ताईने संगीत संस्थेत जाऊन एक रचना वाजवायची, आणि त्यावर दोघींचं काय ते ठरायचं.

ताईने त्या दिवसापासून शाळेची धास्ती घेतली. शाळेबद्दल तिला फारशी माहिती नव्हती, आणि जी होती ती चिमटीने गोळा केलेली होती.

"शाळेत तहान लागली तर हात वर करावा लागतो," चिमटी सांगायची.

"मग?"

"मग बाई विचारतात, खरंच लागली का?"

"आणि खरंच लागली असेल तर?"

"तर मधल्या सुट्टीपर्यंत थांबायचं. ज्याला खोटी लागते तोच बाहेर जाऊ शकतो, कारण तो रडतो चांगला."

चिमटीने आरशासमोर उभं राहून हात वर करायची तयारी सुरू केली होती. तिचा हात खांद्याच्या वर जायचा नाही. ते बघून ताई व्हायोलिनच्या पेटीपाशी जाऊन बसायची आणि गजाला राळ घासत राहायची. गज इतका राळला होता की वाजवताना धूर निघाल्यासारखा दिसायचा.

खरी भीती मात्र शाळेची नव्हती. खरी भीती आईची होती. म्हणजे आई ओरडेल ही नव्हे. आई कधी ओरडत नसे. कचेरीतून आल्यावर आई स्वयंपाकघरात पाठमोरी उभी राहून म्हणाली होती, "त्या साहेबाने मला विचारलं, तुमचं स्वतःचं शिक्षण काय?" एवढंच. पुढे काय उत्तर दिलं ते तिने सांगितलं नाही. पण ती पाठ ताईच्या डोळ्यांसमोरून हलत नव्हती.

परीक्षेत साथीला पियानो संस्थेचा. वाजवणारे काकाही संस्थेचे. घरी ताईला साथ चिमटीची असायची आणि दोघी अशा वाजवायच्या की मधून कागद घालायला फट नाही. म्हणून आईला काळजी नव्हती. "तू तुझ्या तालावर ठाम राहा," तिने बजावलं, "मामा डोक्यात चालू ठेव. बाकीचे येतील मागून."

सोमवारी तालमीला ताई एकटी गेली. साथीदार काका बारीक, मऊ आवाजाचे, सतत खोकल्याची गोळी चघळणारे. इतकी मुलं त्यांच्या बोटांवरून गेली होती की त्यांना कशाचंच नवल वाटत नव्हतं. "चल बाळ," म्हणाले, आणि सुरू झाले.

दुसऱ्याच ओळीत दोघांची टक्कर झाली.

"पुन्हा," काका म्हणाले.

पुन्हा टक्कर. अंधाऱ्या जिन्यात दोन माणसांनी एकमेकांना वाट द्यायला एकाच बाजूला सरकावं, तशी. ताई ठाम राहिली. काकाही ठाम राहिले, कारण त्यांचा तो पगारच होता. तिसऱ्यांदा झाल्यावर काकांनी गोळी एका गालातून दुसऱ्या गालात नेली.

"घाई करतेस का तू?"

"नाही."

"मग रेंगाळतेस?"

"नाही हो काका. मी अगदी तालात आहे."

"घाईही नाही, रेंगाळणंही नाही." काकांनी मान तिरकी केली. "परत वाजव बरं. एकटीच."

तिने वाजवलं. काका डोळे मिटून ऐकत होते. मग हळूहळू त्यांचे डोळे उघडले, आणि त्यांच्या चेहऱ्यावर नवल दिसलं.

"बाळ," ते म्हणाले, "तू लंगडतेस."

ताईने खाली पायांकडे बघितलं.

"पाय नाही गं. ताल. एक ठोका लांब, एक आखूड. लांब, आखूड. आणि इतकं सारखं! पहिल्यापासून शेवटपर्यंत एकदाही चुकून सरळ पडली नाहीस. असं मी जन्मात ऐकलं नाही. कुणी शिकवलं तुला?"

 ताईने व्हायोलिन पेटीत ठेवलं आणि गज बाहेरच राहिलाय हे न बघता झाकण लावायला गेली.

घरी आल्यावर तिने आईला फक्त सांगितलं की काका बरे होते. आईने खिडकीच्या काचा पुसायला घेतल्या होत्या आणि मामाला उचलून जमिनीवर ठेवलं होतं. आई बादलीतलं पाणी बदलायला आत गेली. ताईने तेवढ्यात मामाला चावी दिली, कारण तिला आत्ता, याच क्षणी, कुणीतरी ओळखीचं बोलायला हवं होतं.

टिक. टॉक. टिक. टॉक.

 हा मामा नव्हता. आवाज त्याचाच, पण चाल परक्याची. तिने त्याला झटकन उचलून कट्ट्यावर ठेवलं. टिक, टॉक-टिक, टॉक-टिक. मामा परत आला. जमिनीवर ठेवलं. परका. कट्ट्यावर. मामा.

"काय करतेयस?" चिमटी मागे येऊन उभी होती.

ताईने पियानोवरची पेन्सिल घेतली आणि कट्ट्यावर आडवी ठेवली. पेन्सिल क्षणभर थांबली, मग विचार करून घरंगळायला लागली आणि खिडकीतून खाली गेली. पाणी साचू नये म्हणून खिडकीचा कट्टा बाहेरच्या बाजूला उतरता केलेला असतो. सगळ्याच खिडक्यांचा असतो. मामा त्यावर पियानोकडे तोंड करून बसलेला होता, म्हणून त्याचा काटा एका बाजूला उतारावर आणि दुसऱ्या बाजूला चढावर जायचा. अकरा वर्षं.

खालून कुणीतरी "ए कोण आहे रे तो!" असं ओरडलं. दोघीही वाकून बघायला गेल्या नाहीत.

"म्हणजे," चिमटी सावकाश म्हणाली. तिचा तर्काचा अभ्यास चांगला होता. "मामा तिरका आहे. आपण मामासारख्या आहोत. म्हणून आपण—"

"गप."

"आणि खालचे लोक बेताल नव्हते."

"गप म्हटलं ना!"

"ताई, मग आईसुद्धा—"

ताईने तिच्या तोंडावर हात ठेवला. आई बादली घेऊन आत येत होती.

संध्याकाळी बाबा आले. ते लिफ्ट दुरुस्त करायचे. दिवसभर अंधाऱ्या विहिरींमध्ये लोंबकळून त्यांचा स्वभाव शांत झाला होता. मुलींनी त्यांना जिन्यातच गाठून सगळं सांगितलं. बाबांना संगीतातलं ओ की ठो कळत नव्हतं, पण कट्ट्याचा उतार त्यांना लगेच कळला.

"आईला अजिबात सांगू नका," ते म्हणाले. मग थोडा विचार करून, "म्हणजे सांगा. सांगायला तर हवंच. पण मी सकाळी कामावर गेल्यावर."

"तुम्हीच सांगा ना बाबा."

"मी?" बाबांनी जिन्याचा कठडा धरला. "मी माणसं सोडवतो अडकलेली. अडकवत नाही."

सकाळी ते रोजच्यापेक्षा लवकर कामावर गेले. मुलींनीही सांगितलं नाही. सांगायला तोंड उघडलं की ती पाठमोरी आई दिसायची. त्याऐवजी चिमटीने युक्ती काढली. चपलांच्या खोक्याचा पुठ्ठा कापून, दुमडून मामाच्या उताराकडच्या बाजूखाली सरकवला. मामा सरळ झाला. ताईने व्हायोलिन हनुवटीखाली घेतलं आणि त्या परक्या चालीवर वाजवायला लागली. बोट लागल्यासारखं मळमळलं तिला. प्रत्येक दुसरा ठोका असायला हवा तिथे नव्हता. पायरी आहे समजून पाय टाकावा आणि सपाट जमीन लागावी, तसं.

चार ओळी झाल्या असतील. स्वयंपाकघरात भांडं पडलं.

आई ओल्या हातांनीच धावत आली. "मामाला काय झालं?"

"काही नाही," ताई म्हणाली.

"काही नाही काय! लंगडतोय तो!" आईचा चेहरा पांढरा पडला होता. तिने मामाच्या डोक्यावर हात ठेवला, तापाने फणफणलेल्या पोराच्या ठेवावा तसा. "परीक्षा परवावर आलीय आणि याला आत्ताच... पडला का? कुणी पाडला?" मग तिला पुठ्ठा दिसला. "हे काय?"

"मुंग्या," चिमटी म्हणाली.

"मुंग्यांचं काय?"

"येत होत्या. म्हणून."

यात तर्क नव्हता, पण आईने तो शोधलाही नाही. तिने पुठ्ठा ओढून काढला आणि कान लावून उभी राहिली. टिक, टॉक-टिक, टॉक-टिक. तिने डोळे मिटले. खांदे खाली आले.

"हं," ती म्हणाली. "आता कसा माणसात आला. देवा, जीवच गेला होता माझा. मुलींनो, तुम्हाला ऐकू कसं आलं नाही? एवढे कान तयार केलेत तुमचे!"

ताईला तेव्हा जी भीती वाटली ती आधीच्या कुठल्याच भीतीसारखी नव्हती. आईला माहीत नाही, इथवर ठीक होतं. पण आईला सरळ ऐकवलं तर ते वाकडं वाटतं, आणि तेही मनापासून. घरातला सगळ्यात शहाणा माणूस दार समजून भिंतीकडे चालत निघालाय, आणि आपण त्याचं बोट धरलेलं आहे.

मग ताई न्हाणीघरात जाऊन सराव करायला लागली. तिथला नळ गळायचा. थेंब बादलीत पडायचे, न चुकता, सारख्या अंतराने; नळाला खिडकीशी काही देणंघेणं नव्हतं. दाराला कडी लावून, पितळी नळाकडे बघत ती वाजवायची. बाबांनी पान्हा हातात घेतला तेव्हा चिमटीने त्यांना अडवलं. "तो नळ दुरुस्त केलात तर आम्हाला शाळेत जावं लागेल," ती म्हणाली. बाबांनी खुलासा मागितला नाही. लग्नानंतर त्यांनी खुलासे मागणं सोडलं होतं.

"बाथरूममध्ये का?" आईने दाराबाहेरून विचारलं.

"आवाज छान घुमतो."

"ओल धरेल वाद्याला. आणि गं, असं का वाजवतेयस? घाबरलीस का?"

"हो," ताई म्हणाली. ते मात्र खरं होतं.

गुरुवारी सकाळी निघताना बाबांनी तिच्या डोक्यावर टपली मारली. "अडकलीस तर घाबरायचं नाही. दाराला टेकायचं नाही. मदत येते." हे ते सगळ्यांनाच सांगायचे, लिफ्टमध्ये असोत वा नसोत.

संस्थेच्या व्हरांड्यात बाकावर मुलं ओळीने बसली होती. प्रत्येकाच्या मांडीवर एक पेटी आणि शेजारी एक पालक. कुणी कुणाकडे बघत नव्हतं. एका मुलाला उचकी लागली होती आणि त्याचे वडील त्याला दबल्या आवाजात उचकीबद्दल रागवत होते, त्यामुळे ती वाढत होती. दारावरच्या बाईंनी ताईला हाक मारली. "पालक बाहेर," त्या म्हणाल्या.

आईने चिमटीला बाकावर बसवलं आणि ताईची कॉलर नीट केली.  "पाठ ताठ. मामा डोक्यात."

"हो."

"माझ्यावर विश्वास आहे ना?"

ताईने मान हलवली. कशीही घेता येईल अशी हलवली.

आत मोठी खोली, उंच छत, मधोमध पियानो. टेबलामागे परीक्षक बाई, पिकलेले केस आणि हातात टोक केलेली पेन्सिल. साथीदार काका पियानोपाशी होते. ताई जवळ गेल्यावर ते तिच्याकडे झुकून हळूच म्हणाले, "घाबरू नकोस, बाळ. मी जमवून आणलंय."

काय जमवलंय ते विचारायला वेळ नव्हता. परीक्षक बाईंनी पेन्सिल हलवली. ताईने नळ डोळ्यांसमोर आणला. एक थेंब, दुसरा थेंब. गज टेकवला.

दुसऱ्या ओळीत दोघांची टक्कर झाली.

ताईने नळ घट्ट धरून ठेवला. टक्कर. काकांकडे बघितलं तर ते कपाळावर घाम घेऊन, जीभ दातांत धरून, जिवाच्या आकांताने लंगडत होते. लांब, आखूड, लांब, आखूड. गेले दोन दिवस बसून त्या भल्या माणसाने तिची लंगड शिकून घेतली होती.

"थांबा," परीक्षक बाई म्हणाल्या.



"तुम्ही दोघं एकच रचना वाजवताय ना?"

"मी तिच्यासारखं वाजवत होतो," काका म्हणाले.

"मी त्यांच्यासारखं वाजवत होते," ताई म्हणाली.

बाईंनी चष्म्यावरून दोघांकडे बघितलं. "फार सज्जन आहात. त्याला गुण नसतात." पेन्सिल कागदावर टेकली. "पोरी, घरी ताल कोण सांभाळतं तुझा?"

 ताईला तहान लागली होती, खरी. तिने उत्तर द्यायच्या आधीच दार उघडलं आणि आई आत आली. ती दाराला कान लावून उभी होती हे सगळ्यांना कळलं, कारण तिचा एक कान लाल होता.

"माफ करा," आई म्हणाली. "मी तिची आई. मीच शिकवते. यात साथीदारांची काही चूक नाही हो. यांचा ताल अगदी अचूक आहे. इतका अचूक ताल घराबाहेर मी आज पहिल्यांदा ऐकला. माझीच मुलगी चुकतेय. घाबरलीय. मी टाळी दिली तर येईल ती जाग्यावर."

काकांचं तोंड उघडं पडलं. परीक्षक बाईंनी काकांकडे, मग आईकडे बघितलं. मग त्या म्हणाल्या, "द्या."

आईने टाळी द्यायला सुरुवात केली.

तीच. ताई तीन वर्षांची असताना ऐकलेली, ताप आलेला असताना अंथरुणाशेजारी ऐकलेली, लांब, आखूड, लांब, आखूड. काकांचे हात आपोआप पियानोवर गेले आणि टाळीत मिसळले. ताईचा गज तारेवर टाळीकडे ओढला जायला लागला. नुसतं मनगट सैल सोडायचं होतं. सोडलं असतं तर तिघं असे एकत्र वाजले असते की त्या खोलीत तसं कुणी कधी वाजलं नसेल, आणि तसेच एकत्र, हातात हात घालून, खड्ड्यात गेले असते. चिमटी हात वर करून बसली असती. आणि आईला कधीच कळलं नसतं की का.

नाही सोडलं, तर आईला कळणार होतं. आत्ता, इथे, परक्या माणसांसमोर.

ताईने गज खाली घेतला.

"आई," ती म्हणाली. आवाज इतका बारीक आला की तिला तो चिमटीचा वाटला. "तुझी टाळी लंगडतेय."

आई हसली. खरंच हसली, कारण तिला ते पोरकट वाटलं. "काहीतरीच काय, बाळा. टाळी कशी—"

परीक्षक बाईंनी पेन्सिलीचं मागचं टोक टेबलावर आपटायला सुरुवात केली. टक. टक. टक. टक. जोरात नाही, रागाने नाही. आई टाळी देत राहिली. पेन्सिल आणि टाळी पहिल्या ठोक्यावर एकत्र पडल्या, मग दुसरी टाळी उशिरा पडली, आणि चौथी, आणि सहावी. आईने भुवया आवळल्या. टाळी बदलून बघितली; पुन्हा तसंच. ताईला तिच्या चेहऱ्यावर दिसत होतं, ती पेन्सिलीत चूक शोधत होती. मग शोधायची थांबली.

टाळी थांबली. दोन्ही तळवे एकमेकांपासून थोड्या अंतरावर तसेच हवेत राहिले.

"मामा खिडकीत होता ना," ताई घाईघाईने म्हणाली. "कट्टा उतरता आहे. त्याची चूक नाही. तुझीही नाही."

 भिंतीशी खुर्ची होती, त्यावर ती बसली, पाहुण्यांच्या घरी बसतात तशी, कडेला.

"सरळ वाजवा आता," परीक्षक बाई म्हणाल्या. "दोघंही."

ताईने वाजवलं. छान नाही वाजलं. घामाने हनुवटी घसरत होती, तिसऱ्या पानावर जुनी चाल पायात घुटमळली, काकाही दोनदा सवयीने लंगडले आणि स्वतःवरच खोकले. पण शेवटची ओळ आली, आणि दोघं तिथे एकदमच पोचले.

"मनगट चांगलं आहे," परीक्षक बाई लिहिता लिहिता म्हणाल्या. "ताल भ्यालेला आहे, पण आहे. पास. जेमतेम." मग आईकडे न बघता, "मनगट कुणी शिकवलं?"

"आईने," ताई म्हणाली.

व्हरांड्यात चिमटी पाण्याची बाटली घेऊन उभी होती. "काय झालं?"

"पास."

"मग आईचा चेहरा नापास का?"

ताईने तिला कोपर मारलं. तिघी बाहेर रस्त्यावर आल्या. आई पुढे चालत होती, मुली मागे. आणखी एक वर्ष घरी मिळालं होतं. 

"कधीपासून माहीत होतं?" आईने मागे न बघता विचारलं.

"सोमवारपासून."

"आणि तो पुठ्ठा?"

"मुंग्यांचा नव्हता," चिमटी म्हणाली.

"मला का नाही सांगितलंत?"

"भीती वाटली," ताई म्हणाली.

"माझी?"

"नाही. तुझ्यासाठी."

आई थांबली. भर फुटपाथवर, माणसं दोन्ही बाजूंनी जात असताना. तिने वळून मुलींकडे बघितलं आणि ताईला पहिल्यांदाच दिसलं की आईसुद्धा घाबरू शकते. नुसती घाबरली नव्हती, घाबरून पार उघडी पडली होती.

"व्याकरण मीच शिकवलं," आई म्हणाली. "तर्क मी शिकवला. भूमिती. खगोल. सगळं. मलाही कुणी धड शिकवलेलं नव्हतं, पुस्तकं वाचून वाचून... ताई, आणखी काय काय मी असं कट्ट्यावर ठेवलं असेल?"

"काही नाही गं."

"तुला कसं कळणार? तुलाही मीच शिकवलंय!"

 चिमटी तोंड उघडून तर्क शोधत होती, पण तोही आईनेच दिलेला.

समोर औषधाचं दुकान होतं. आई तरातरा आत शिरली. रांग होती, ती रांगेच्या पुढे जाऊन उभी राहिली.

"काय देऊ?" दुकानदाराने विचारलं.

"सात आठे किती?"

"जेवणाआधी की नंतर?"

"नुसते. सात आठे."

दुकानदाराने तिच्याकडे, मग मुलींकडे बघितलं, मग कॅल्क्युलेटर जवळ ओढला. "छप्पन्न."

आईने श्वास सोडला. "बरोबर. आणि त्रिकोणाचे तिन्ही कोन मिळून?"

"एकशेऐंशी," रांगेतला हाताला प्लास्टर घातलेला माणूस म्हणाला. "बाई, माझं आटपू द्या की."

"बरोबर," आई म्हणाली. तिच्या गालांवर जरा रंग आला. "आता शेवटचं. चंद्र स्वतःभोवती फिरतो का?"

ताईला उत्तर माहीत होतं. नाही फिरत, म्हणून तर त्याची एकच बाजू दिसते. ते तिला सहाव्या वर्षी शिकवलं होतं. कुणी शिकवलं होतं ते आठवून तिने आईकडे बघितलं.

"फिरतो ना," दुकानदार म्हणाला.

"नाही फिरत," प्लास्टरवाला म्हणाला. "पृथ्वीभोवती फिरतो."

"दोन्हीकडे फिरतो," मागची म्हातारी म्हणाली. तिला खोकल्याचं औषध हवं होतं. "एकदम दोन्ही."

"असं कसं आजी, एकदम?"

"गडबड करू नका, मी मुलाला फोन लावतो," शेवटून कुणीतरी म्हणालं. "तो शाळेत जातो."

रांगेचे दोन तट पडले. आवाज चढले. दुकानदाराने पटवून द्यायला काउंटरवर एक गोळी मधोमध ठेवली आणि दुसरी तिच्याभोवती फिरवायला लागला. दुसऱ्याच फेरीत त्याचाच गोंधळ झाला आणि तो थांबून गोळ्यांकडे बघत राहिला. आई एकेकाच्या तोंडाकडे बघत होती. तिने ताईचा हात धरला. एवढ्या वर्षांत तिने तो इतका घट्ट कधी धरला नव्हता. दुसऱ्या बाजूने चिमटीने धरला.

"लागला फोन," शेवटून आवाज आला, आणि अख्खं दुकान गप्प झालं.

"थांबा," तो माणूस फोन कानाला लावून म्हणाला. "तो म्हणतोय, बाईंना विचारून सांगतो."